अकराने भाग जातो का बघ

सकाळी चहाचा कप घेऊन बसले, तर पडदा निळा आणि त्यावर इंग्रजीत एकच मागणी: रिकव्हरी की द्या. अठ्ठेचाळीस अंकांची. खाली टाइप करायला लांबलचक चौकट. मला पासवर्ड ठाऊक होता, तो विचारतच नव्हते. घराला असलं काही कुलूप लागलंय हेच माहीत नाही आणि किल्ली मागताहेत!

आदल्या रात्री अकरा वाजता संगणक बंद करताना 'अपडेट करून बंद करा' हा पर्याय मीच दाबला होता. दिवसभर अनुवादात डोळे फुटायची वेळ आली होती, कोण वाचत बसतं. आत दोनशे चौदा पानं होती. पेनड्राइव्हवरची शेवटची प्रत आठ दिवसांपूर्वीची. प्रकाशकांना मी 'झालंच आहे' असं सांगून टाकलेलं. चहा तसाच गार झाला.

बंगळुरूला भाच्याला फोन लावला. संगणक त्यानेच आणून दिला होता, त्यानेच चालू करून दिला होता.

"मावशी, डिस्क एन्क्रिप्टेड आहे गं. नवीन मशीनवर ते आपोआप चालू होतं."

"मला न विचारता?"

"तुला काय, मलाही नाही विचारलं."

मग त्याने समजावून सांगितलं. आतल्या बोर्डावर एक चिप असते, टीपीएम नावाची. डिस्क उघडायची किल्ली ती सांभाळते. संगणक सुरू होताना कोणकोणता प्रोग्रॅम कशा क्रमाने चालतो याची खूण तिच्याकडे असते. ती जुळली तरच किल्ली देते. आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं मला ते वाटलं. रोजचा माणूस मिशी काढून आला की तो ओळख विचारणारच. इथे अपडेटने मिशी काढली होती आणि वॉचमनला सांगायचं राहून गेलं होतं. यात वॉचमनचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

किल्लीची नक्कल मात्र होती. संगणक पहिल्यांदा सुरू करताना जे खातं वापरलं त्यात ती जाऊन बसते, आणि ते खातं भाच्याचं. त्याच्याकडे दोन किल्ल्या निघाल्या, एक त्याच्या जुन्या लॅपटॉपची. माझ्या पडद्यावरच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून आमची कुठली ते ठरलं. 'मेसेज कर' म्हटलं, तर ऑफिसच्या फोनवरून तसलं काही पाठवायचं नाही म्हणे. वाचून दाखवतो.

तो इंग्रजीत वाचतोय, मी टाइप करतेय. सहा-सहा अंकांचे आठ गट. रेंज तुटक. त्यात 'फाइव्ह' आणि 'नाइन' फोनवर सारखेच ऐकू येतात. तिसऱ्या गटाला पडद्याने नकार दिला. पुन्हा घातला, पुन्हा नकार.

तेवढ्यात आई आली. आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. फोन स्पीकरवर टाकायला लावून तिने खुर्ची ओढली. "मी म्हणून दाखवते, तू हो किंवा नाही म्हण. अडतीस, शहाण्णव, सत्तावीस."

पलीकडे शांतता. "आजी, शहाण्णव म्हणजे... सिक्स्टी-नाइन?"

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'बावन्न'सोबत 'पन्नास दोन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, उलटा क्रम गोंधळात टाकतो, अशी बाजू गणितज्ञ मंगला नारळीकरांनी मांडली होती. त्यांच्याविषयी आईला अतोनात आदर, पण या एका बाबतीत ती आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्याशी आठवडाभर भांडली होती. आता तिने डोळे मिटले आणि शब्द चावून म्हणाली, "नव्वद सहा."

"नाही आजी! फिफ्टी-सिक्स. म्हणजे... पन्नास सहा."

"छप्पन्न," आई म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

मग भाच्याला कुठेतरी वाचलेलं आठवलं, की टाइप करताना झालेली चूक पकडता यावी म्हणून या प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. एवढं ऐकल्यावर आईने पेन्सिल मागितली. आधी माझा चुकीचा गट, ३८९६२७. एकाआड एक अंक: तीन, नऊ, दोन, चौदा. आठ, सहा, सात, एकवीस. फरक सात. "नाही जात." मग ३८५६२७. दहा आणि एकवीस, फरक अकरा. "जातो. घाल." उरलेले पाच गट तिने तपासल्याशिवाय मला एकही अंक दाबू दिला नाही.

कुलूप उघडलं. पुन्हा सुरू केला, तर पुन्हा तोच निळा पडदा. आणखी एकदा, तेच. तिसऱ्या खेपेला भाच्याने दुरुस्तीच्या पडद्यातून 'ट्रबलशूट', तिथून पुढच्या यादीत जाऊन शेवटचं अपडेट काढून टाकायला लावलं. वीसेक मिनिटं ठिपके गोल फिरत होते. मग माझा नेहमीचा डेस्कटॉप आला, त्यावर अनुवादाची फाइल. आधी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच नवा चहा टाकला. अपडेट काही दिवस थांबवून ठेवलं. पुढे कंपनीने दुरुस्त केलेलं पाठवलं. आमची सकाळ त्यांच्या लेखी 'काही संगणकांवरची अडचण' होती.

किल्ली आता आईच्या वहीत आहे. देवनागरी अंकांत, प्रत्येक गटाखाली अकराने भागून आलेलं उत्तर. वही कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. संगणकाजवळ ठेवू नका, असं भाच्याने बजावलं होतं.

काल पुन्हा कोपऱ्यात अपडेटचा ठिपका दिसला. मी माउसवर हात ठेवला, तशी आतून हाक आली, "थांब, वही आणते."