दृष्टीविना कोन

२००८ सालचा ‘व्हँटेज पॉइंट’ हा चित्रपट पाहायचा राहून गेला असेल आणि पुढेमागे पाहण्याचा विचार असेल, तर वाचकांनी इथेच थांबावे. पुढील मजकुरात त्याचे रहस्य शिल्लक राहत नाही. ते आधी कळल्याने फारसे काही बिघडते असेही नाही म्हणा, कारण रहस्य कळल्यावर या चित्रपटात पाहण्यासारखे जे उरायला हवे ते त्यात मुळातच नाही.

स्पेनमधील सालामांका शहरातल्या प्लाझा मायोर या चौकात दहशतवादविरोधी परिषद भरली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष व्यासपीठावर येतात, त्यांना गोळ्या लागतात, दूरवर एक स्फोट होतो आणि काही क्षणांत व्यासपीठच उडते. हे सारे आपण प्रथम पाहतो ते एका वृत्तवाहिनीच्या गाडीतल्या पडद्यांवर. मग चित्र उलटे धावते, घड्याळ दुपारी बाराच्या ठोक्याशी येते आणि तीच मिनिटे अध्यक्षांच्या सुरक्षापथकातील बार्न्सबरोबर (डेनिस क्वेड) पुन्हा सुरू होतात. नंतर स्थानिक पोलीस एन्रिके, हातातल्या कॅमेऱ्याने दिसेल ते टिपणारा पर्यटक हॉवर्ड (फॉरेस्ट व्हिटकर), खुद्द अध्यक्ष (विल्यम हर्ट) आणि अखेरीस कट रचणारे. दीड तासाचा चित्रपट. दिग्दर्शक पीट ट्रॅव्हिस.

पहिली पंधरा-वीस मिनिटे खरोखरच खिळवून ठेवणारी आहेत, हे कबूल केले पाहिजे. सिगर्नी वीव्हरने उभी केलेली निर्माती पडद्यांच्या भिंतीसमोर बसून कोणते चित्र प्रक्षेपित व्हावे हे क्षणाक्षणाला ठरवते आहे. बातमीदार तरुणी निदर्शकांविषयी चार शब्द अधिक बोलू लागते, तर ही तिला आवरते. काय दाखवायचे, काय गाळायचे, कोणी किती बोलायचे याचा निवाडा करणारी ही स्त्री म्हणजे शब्दाच्या पूर्ण अर्थाने निवेदक आहे. चित्रपटाला आपल्या हाती काय लागले आहे हे उमगते, तर तो इथेच मुक्काम करता. पण चित्र उलटे धावते आणि ही बाई कथेतून जवळपास हद्दपार होते.

तिथून पुढे जे घडते त्याला आमच्या मते दृष्टिकोनांची विविधता म्हणता येत नाही. बार्न्स त्या गाडीत शिरतो, पडद्यावर काहीतरी पाहून हादरतो आणि नेमके तेच आपल्याला न दाखवता घड्याळ पुन्हा बारावर नेले जाते. पुढे कळते की त्याचाच सहकारी टेलर स्थानिक पोलिसाच्या गणवेशात त्याला दिसला होता. आपण बार्न्सच्या नजरेतून पाहतो आहोत असे सांगायचे आणि त्याची नजर जिथे स्थिरावली तिथेच आपले डोळे झाकायचे! हा दृष्टिकोन नव्हे, ही लपवाछपवी. तीच गत अध्यक्षांची. गोळ्या लागलेली व्यक्ती त्यांच्यासारखा दिसणारा बदली माणूस होती, हे त्यांच्या ‘बाजू’त उघड होते, पण ती माहिती आहे, बाजू नव्हे. आठही जणांनी जे पाहिले ते एकमेकांच्या शेजारी ठेवले, तर कुठेही विसंगती नाही. तुकडे बिनबोभाट जुळतात. ‘दृष्टिकोन’ लिहावे की ‘दृष्टिकोण’ हा वाद आपल्याकडे जुना आहे. या चित्रपटापुरता तो निकालात निघाला असे म्हणायला हरकत नाही, कारण इथे दृष्टी नाहीच, आहे तो फक्त ‘कोण?’ हा प्रश्न.

अशा चित्रपटाविषयी बोलताना अकिरा कुरोसावाचे ‘राशोमोन’ (१९५०) हे नाव ओघानेच येते. साम्य किती वरवरचे आहे ते मुळातून पाहायला हवे. ‘राशोमोन’ला आधारभूत असलेल्या अकुतागावाच्या १९२२ मधील कथेत दरोडेखोर, स्त्री आणि माध्यमातून बोलणारा तिचा मृत पती, असे तिघेही त्या मृत्यूचे कर्तृत्व आपल्याकडे घेतात. दरोडेखोर म्हणतो, मी मारले. स्त्री म्हणते, मी मारले. पती म्हणतो, मी स्वतःला संपवले. अपराध दुसऱ्यावर ढकलण्यासाठी खोटे बोलणे आपल्या परिचयाचे असते. इथे तो ओढून घेण्यासाठी प्रत्येक जण बोलतो आहे, कारण आपण कसे दिसावे याची त्याची कल्पना त्या कबुलीशिवाय पुरी होत नाही. चित्रपटात ही माणसे न्यायासनासमोर साक्ष देतात. न्यायाधीश मात्र दिसत नाही की ऐकू येत नाही. त्याच्या जागी आपण बसलेलो असतो. ‘व्हँटेज पॉइंट’मध्ये कोणीही कोणाला काहीही सांगत नाही. सांगणेच नाही, तर खोटे सांगणे, टाळणे, सावरून घेणे कुठून येणार?

हा भेद आमच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण वर्गात तो रोज निसटताना दिसतो. ‘मृत्युंजय’ (१९६७) किंवा ‘ययाति’ (१९५९) शिकवताना एकाहून अधिक पात्रे निवेदन करतात, एवढे विद्यार्थी अचूक लिहितात. निवेदकांची नावे क्रमाने येतात, गुणही मिळतात. परंतु देवयानी बोलू लागली की ययातीने सांगितलेल्या त्याच संसाराचे वजन का बदलते, किंवा कुंतीला कर्णाविषयी स्वतःच्या तोंडाने बोलायला लावल्यावर कादंबरीच्या नैतिक तोलाचे काय होते, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत क्वचितच उतरतो. निवेदक मोजणे म्हणजे निवेदन समजणे नव्हे. (या दोन्ही कादंबऱ्यांतील सर्व पात्रे जवळपास एकाच अलंकृत भाषेत बोलतात, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण भाषा एक असली तरी त्यांची दुखणी वेगळी आहेत.)

दुखणे वेगळे असू शकणारी माणसे या चित्रपटातही होती. कट रचणाऱ्यांची बाजू सर्वांत शेवटी येते आणि तिच्यात असते केवळ यंत्रणा: कोणी बंदूक दुरून चालवली, कोणी पिशवी पोहोचवली, कोणाचा भाऊ ओलीस होता. ते हे का करतात, याविषयी बोलायला चित्रपटाला सवड नाही, कारण मोटारींचा पाठलाग खोळंबला आहे. ज्यांचे जग इतरांहून खरोखर निराळे दिसले असते त्यांनाच नजर नाकारायची आणि मग आठ नजरांचा डंका पिटायचा, हे आम्हाला नुसते कलेतले उणेपण वाटत नाही. चौकात मेलेल्या सालामांकाच्या रहिवाशांना तर एक रीळसुद्धा मिळत नाही. बहुतांश चित्रण मेक्सिकोत झाले आणि प्लाझा मायोरची प्रतिकृतीही तिथेच उभारली गेली. शहराची भूमिका एवढीच!

खेदाची गोष्ट अशी की, याच शहरापाशी या कथनप्रकाराला शोभेल असा एक प्रसंग होता. १२ ऑक्टोबर १९३६ रोजी सालामांका विद्यापीठाच्या सभागृहात, यादवी युद्ध पेटलेले असताना, कुलगुरू आणि कादंबरीकार मिगेल दे उनामुनो फ्रँकोपक्षाच्या मान्यवरांसमोर उभे राहून त्या पक्षालाच सुनावते झाले. जनरल मियान-आस्त्राय यांच्याशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली. पद गेले, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी ते घरीच वारले. मात्र ते नेमके काय बोलले याची शब्दशः नोंद उपलब्ध नाही. जगभर उद्धृत होणारे भाषण लुइस पोर्तियो यांनी १९४१ मध्ये लंडनच्या ‘होरायझन’ मासिकात लिहिले. ते स्वतः त्या सभागृहात नव्हते. ह्यू थॉमस यांच्या यादवी युद्धाच्या इतिहासामुळे ते सर्वत्र पोहोचले आणि दशकानुदशके जसेच्या तसे खरे मानले गेले. कोणाला काय ऐकू आले, कोणाला काय ऐकू यायला हवे होते आणि कोणी काय ऐकलेच नाही असे ठरवले, यावर स्पेनमध्ये आजही वाद होतो. आलेहांद्रो आमेनाबार यांनी २०१९ मध्ये यावर चित्रपटही केला.

उनामुनोंच्या हातची टिपणे तेवढी उरली आहेत. एका कैद्याच्या पत्नीने मदतीसाठी पाठवलेले पत्र त्यांच्या खिशात होते. त्याच्याच पाठीवर त्यांनी सभेत बसल्या बसल्या काही तुटक शब्द खरडले होते.