धुरजड गाडी

बैलगाडी भरणे ही एक कलाच आहे. भोकरच्या शिवारात कापसाची किंवा कडब्याची गाडी भरणारा जाणता शेतकरी हाती तराजू घेत नाही. परंतु आसाच्या पुढे किती ओझे ठेवावयाचे आणि मागे किती, हे त्यास अचूक ठाऊक असते. भार पुढे अधिक झाला, की गाडी धुरजड होते व जू बैलांच्या मानेवर दाबते. भार मागे अधिक झाला, की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळतात. ओझे तेवढेच; पण त्याची जागा चुकली, की मुक्या जनावरांचे हाल होतात.

हा नियम केवळ बैलगाडीचा नव्हे. हजारो मैलांवरील अमेरिकेतल्या मोटारींनाही तो चुकला नाही. 1964 साली तेथे पाँटियाक जीटीओ नावाची मोटार निघाली. मध्यम आकाराच्या मोटारीत आठ सिलिंडरांचे भले थोरले इंजिन बसविलेले! अशा मोटारींना लोक ‘मसल कार’, म्हणजे पीळदार दंडांची मोटार, असे म्हणू लागले. त्यांचे वजन बहुधा दीड टनाहून अधिक असे. जड इंजिन पुढच्या बाजूस आणि त्याच्याही पुढे चकचकीत पोलादी बंपर! सरळ रस्त्यावर ही मोटार वाऱ्यासारखी धावे. पण वळण आले, की तिचे नाक बाहेरच्या बाजूस ओढ घेई. आपल्या शेतकऱ्याने तिला पाहताक्षणीच धुरजड ठरविले असते.

पुढे या नाकावर आणखी भार चढला. 1973 सालापासून अमेरिकेच्या सरकारने असा नियम केला, की मोटार ताशी 8 किलोमीटर वेगाने समोर आदळली, तरी तिच्या दिव्यांस वा इंधनाच्या यंत्रणेस इजा होता कामा नये. हेतू उत्तम होता. परंतु तो साधण्यासाठी कारखानदारांनी अवजड पोलादी बंपर बसविले. साहजिकच जुन्या मोटारी नव्याने बांधणाऱ्या हौशी मंडळींची दृष्टी प्रथम बंपरावरच जाते. पोलाद पाण्याच्या सुमारे 7.8 पट जड, तर अ‍ॅल्युमिनियम केवळ 2.7 पट. म्हणून कोणी अ‍ॅल्युमिनियमचा बंपर करवितो, कोणी काचतंतूंचा. कोणी पुढची जड बॅटरी उचलून मागे डिकीत नेतो. ओझे कमी झाले, की वेग घेण्यास शक्ती कमी लागते आणि थांबताना ब्रेकवरचा ताणही घटतो. पुढचे ओझे मागे नेले, की मोटार वळणावर अधिक आज्ञाधारक होते.

येथवर सारे ठीक. परंतु वजन कमी करण्याच्या नादात एखादा हौशी गृहस्थ बंपर आणि त्यामागची तुळई, दोन्ही काढून टाकतो. मोटार हलकी होते, दिसावयासही सुबक दिसते. मात्र धक्का सोसणारे मग पुढे कोणीच उरत नाही.

आपल्याकडे नेमका उलट प्रकार पाहावयास मिळे. नांदेडहून भोकरमार्गे भैंसा व निर्मलकडे महामार्ग जातो. अशा महामार्गांवरून धावणाऱ्या कित्येक जीपगाड्यांच्या तोंडावर जाड पोलादी नळ्यांचा पिंजरा जडविलेला असे. मालकास वाटे, की आपण गाडीस चिलखत चढविले! प्रत्यक्षात ते चिलखत घातक असते. आधुनिक मोटारीचा पुढचा भाग मुद्दामच असा घडविलेला असतो, की मोठा आघात होताच तो चुरगळावा व आघाताचा जोर आपल्या अंगावर झेलावा. बेला बारेन्यी या अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि 1959 साली ती मर्सिडीझच्या मोटारीत उतरली. पोलादी पिंजरा सहजी चुरगळत नाही. तो आघात थेट सांगाड्याकडे व आतल्या माणसांकडे पोचवितो. त्यामुळे सुरक्षा-पिशव्या योग्य क्षणी न उघडण्याचाही धोका असतो. आणि समोर पायी चालणारा माणूस आला, तर त्याची हाडे त्या नळ्यांवरच आदळतात. म्हणूनच डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा पिंजऱ्यांविरुद्ध कारवाई करण्याविषयी राज्यांना कळविले. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे मोटारीच्या मूळ रचनेत मालकास मन मानेल तसा बदल करता येत नाही.

तेव्हा एक जण सारे काढून टाकतो आणि दुसरा नको ते चढवितो. दोघांची चूक मात्र एकच. बंपर कशासाठी आहे, हे दोघांनीही विचारलेले नसते. तो शोभेसाठी नाही, तसाच समोरच्यास ठोकरण्यासाठीही नाही. बारीकसारीक धक्के सोसून मोटारीचे नाजूक अवयव वाचविणे, हे त्याचे काम. त्याच्या शक्तीलाही मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला, की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 8 किलोमीटरचा धक्का सोसणाऱ्या बंपरावर ताशी 64 किलोमीटर वेगाने आघात झाला, तर त्याची ऊर्जा आठपट नव्हे, चौसष्टपट असते! तेथे एकटा बंपर पुरा पडत नाही. चुरगळणारा सांगाडा, कमरेचा व खांद्याचा पट्टा आणि सर्वांत आधी चालकाचा विवेक, हेच तेथे कामी येतात.

जे जड ते बळकट, हा समज जसा खोटा, तसाच जे हलके ते चांगले, हाही खोटा. कुशल कारागीर एखादा भाग काढण्यापूर्वी तो हाती घेऊन विचारतो, ‘तुझे काम काय?’ ज्याला उत्तर देता येत नाही, तो भाग निघतो. ज्याच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, तो कितीही जड असला तरी राहतो. मग तो हलका कसा करता येईल, हे शोधण्यातच कारागिराची खरी कसोटी लागते.