फटी

माहेरच्या घराची माडी फळ्यांची आहे. खालच्या ओटी-माजघरात शेणाच्या सारवणाच्या जागी कधीच फरशी आली. माडीला मात्र कोणी हात लावला नाही. ऐनाच्या तुळयांवर फणसाच्या रुंद फळ्या अंथरलेल्या, आणि त्यांच्यावर चार पिढ्यांच्या पावलांचे, तेलाचे, चुलीच्या धुराचे काळे कवच. भाऊ दूरदेशी स्थायिक झाल्यामुळे हे घर उतारवयात माझ्याकडे आले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो या फळ्या घासून घेण्याचा.

फाल्गुनात सुतार आला. घासण्याआधी त्याने प्रत्येक खिळ्याचे डोके ठोकून पृष्ठभागाच्या आत बसवले. एरवी एका खिळ्यासरशी यंत्रावरचा काचकागद फाटतो. आधी भरड कागद, मग मध्यम, शेवटी बारीक. तिसऱ्या दिवशी काळ्या कवचाखालून लाकडाचा मूळचा पिवळा रंग वर आला. फणसाच्या गाभ्याच्या लाकडाचा हा पिवळेपणा असा की आग्नेय आशियात त्याच्या भुशापासून भिक्षूंच्या चीवरांसाठी रंग काढीत. तंजावरची वीणाही याच लाकडाची. ज्या लाकडावर आपण बाळपणी लोळलो ते इतके देखणे असेल याची मला कल्पना नव्हती. पण कवचाबरोबर फटींत साचलेला मळही निघून गेला, आणि फळ्याफळ्यांमधून खालचे माजघर दिसू लागले.

या फटी कशाने भराव्यात यावरून सुताराचे आणि माझे दोन दिवस मतभेद चालले. माझे मत वाचनातून आलेले. घासताना निघालेला बारीक भुसा सरसात कालवून तोच फटींत दाबावा; लाकूड तेच, रंग तोच, म्हणजे भर ओळखूच येणार नाही. सुतार म्हणाला, "बाई, आत्ता लाकूड आटलंय. पावसात ते फुगतं. फट गच्च भरलीत तर त्यानं जायचं कुठं?" मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्याने एका कोपऱ्यात हातभर फट माझ्या पद्धतीने भरून दिली. वर जवसाचे तेल फिरवताच फळी गडद झाली, पण सरस लागलेली जागा तेल पिईना. जी भर दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, तीच फिकट रेघ होऊन उठून दिसली.

मग त्याच्या पद्धतीने काम झाले. पैशाच्या जाडीहून बारीक फटी त्याने तशाच सोडल्या. रुंद फटींसाठी जुन्या सागवानी चौकटीतून पातळ, खाली निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्या कापल्या आणि हलक्या हाताने ठोकून बसवल्या. सरस लावला तो पट्टीच्या एकाच अंगाला. दोन्ही अंगे चिकटवली तर फळ्या एकमेकींना जखडल्या जातात, आणि आकसताना कुठेतरी तडकतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलतच नाही; जी हालचाल होते ती आडवी, रुंदीत. वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात हे न ओळखून चालत नाही. शेवटी रंधा मारून त्याने पट्ट्या फळ्यांच्या पातळीला आणल्या. पिवळ्या फणसात सागवानाच्या तपकिरी रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्याचे त्याला काहीच वाटत नव्हते.

मला वाटत होते, आणि त्याला कारण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिथे पाठ निःसंशय नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. पाठचिकित्सेचा हा धर्म मी कित्येक वर्षे वर्गात शिकवला. परंतु १९८८ साली सादर केलेल्या माझ्या स्वतःच्या प्रबंधात, एका अप्रसिद्ध आख्यानकाव्याच्या हस्तलिखितात वाळवीने खाल्लेली पाच अक्षरे मी तर्काने भरली होती. आर्येच्या मात्रा जुळत होत्या, अर्थ जुळत होता. तळटीप द्यायची अनवधानाने राहिली असे मी पुढे स्वतःला सांगत आले. खरे म्हणजे ती भर मला इतकी बेमालूम वाटली की तिच्यावर बोट ठेवणे जिवावर आले. बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थिनीचा प्रबंध परीक्षणासाठी माझ्याकडे आला. त्यात नेमका तोच शब्द कवीच्या करुणेचा पुरावा म्हणून उद्धृत केला होता. त्यावर दोन पाने सुरेख विवेचन होते. मी अनुकूल अहवाल लिहिला, सही केली, आणि गप्प राहिले.

भिंतीपासूनची तिसरी फट सुताराने शेवटी ठेवली होती. ती आमच्या आत्याची. एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई घरातल्या कोणत्याही मंगलकार्यात खाली येत नसे. 'येत नसे' हा आमच्या घरातला शब्दप्रयोग, तिला येऊ देत नसत असे म्हणणे अधिक खरे. १९६८ साली धाकट्या काकांचे लग्न होते. खाली माजघरात पुण्याहवाचन चालले असता ती माडीवर पालथी पडून त्या फटीला डोळा लावून होती. मी आठ वर्षांची, तिच्या शेजारी, त्याच फटीला. तिला फक्त पाटावर बसलेल्या भावाचा खांदा आणि तांब्यावरचा नारळ दिसत होता. कोण आले, कोण कुठे बसले, हे ती आवाजांवरून मला सांगत होती.

"ही पण भरायची ना, बाई?" सुताराने विचारले. आठवण म्हणून ती उघडी ठेवावी, हा मोह मला झाला नाही असे नाही. पण त्या फटीत जपण्यासारखे काय होते? आत्याला खाली बसायला पाट हवा होता. मी भरायला सांगितले, आणि पट्टी सागवानाचीच लावायला सांगितली.

आषाढात पुन्हा गेले. माझ्या हट्टाची कोपऱ्यातली भर फळ्यांनी फुगून वर ढकलून दिली होती. तिचे खडे पायाला टोचले. पट्ट्या जागच्या जागी होत्या. माझ्या प्रबंधाची घरची प्रत मी बरोबर आणली होती. त्या पाच अक्षरांखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीसाठी पत्राचा मसुदा केला आहे. ती विद्यार्थिनी आता स्वतः प्राध्यापक आहे. तिला लिहायचे पत्र अजून जमलेले नाही. दोनदा फाडले.