तंतोतंत नक्कल आणि बंद दार

एखाद्या वस्तूची नक्कल उतरवून ठेवली की ती जपली गेली, असा समज आपणा सर्वांच्या मनांत असतो. जुन्या पोथीची प्रत केली, आजोबांच्या छायाचित्राची दुसरी प्रत काढली, की जीव निर्धास्त होतो. संगणकाच्या बाबतीत मात्र नक्कल हाती असणे आणि ती वेळेला उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या सर्व्हरने हा धडा आम्हांस दिला. तो वाचकांच्याही कामी यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या सर्व्हरवर काय नव्हते? जुन्या अंकांची पाने, कोकणातील कबरस्तानांतल्या शिळांवरील नोंदी, लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि कॅसेटींवरून उतरवून घेतलेली मराठी कीर्तने. त्यांतील कित्येक गायक आज हयात नाहीत आणि मूळ कॅसेटींची फीतही केव्हाच झिजून गेली आहे. अशातच सर्व्हरच्या हार्ड डिस्कवरील खराब भागांची संख्या वाढत चालल्याचे तपासणीत दिसून आले. तत्काळ नवी डिस्क आणून तिच्यावर जुनीची संपूर्ण नक्कल, म्हणजे संगणकवाल्यांच्या भाषेत क्लोन, उतरविण्यात आली. जुने यंत्रही थकले होते. म्हणून ती डिस्क नव्या सर्व्हरमध्ये बसवून आम्ही कळ दाबली. पडद्यावर संदेश उमटला, की सुरू करण्याजोगी डिस्क आढळत नाही.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. डिस्क पुसून सर्व काही नव्याने बसवावे, असे एका जाणत्या गृहस्थांनी सुचविले. परंतु जुनी डिस्क आणखी किती दिवसांची सोबती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हातची नक्कल पुसण्यास आमचे मन धजेना. आधी कारण शोधावे, असे ठरले. संगणकाचा व्यवसाय करणारे आमचे दोन तरुण मित्र शब्बाथ सरल्यावर रात्री येऊन बसले. ताडून पाहण्यासाठी शेजारीच जोडलेली जुनी डिस्क त्यांनी प्रथम काढून ठेवली. तंतोतंत नक्कलेत विभागांची ओळखचिन्हेही तीच असतात. दोन्ही डिस्का एकदम जोडल्या, तर यंत्र कोणत्या डिस्कवरून उठले हे कळेनासे होते.

संगणक टप्प्याटप्प्याने जागा होतो. यंत्रात अंगभूत असलेली आज्ञावली डिस्कवरील बूटलोडर शोधते, बूटलोडर प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल उचलतो, आणि कर्नल पुढचा कारभार हाती घेतो. पाऊल कोणत्या पायरीवर अडले, एवढेच शोधायचे असते.

आमचे पाऊल पहिल्याच पायरीवर अडले होते. जुने यंत्र बायोस पद्धतीचे. त्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांवर सारी भिस्त असते: ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांचे, ६४ विभागांच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ खुणेचे. नवे यंत्र यूईएफआय पद्धतीचे. ते या आज्ञांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला डिस्कवर एक वेगळा छोटा विभाग आणि त्यात फाइलच्या रूपाने ठेवलेला बूटलोडर लागतो. मुळातच जो विभाग नव्हता, तो नक्कलेत कोठून येणार? सुदैवाने यंत्राच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीची सोय होती. ती चालू करताच बूटलोडर दिसू लागला. अलीकडच्या कित्येक यंत्रांत ही सोय उरलेली नाही. तेथे तो विभाग तयार करून बूटलोडर पुन्हा बसवावा लागतो.

चार ओळी सरकल्या आणि यंत्र पुन्हा थबकले. मूळ विभाग सापडत नाही, असे ते सांगू लागले. ज्या डिस्कवरून कर्नल वाचला गेला, तीच डिस्क कर्नलला दिसू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटले. मित्रांनी डिस्कांची यादी मागितली. ती कोरी निघाली. उलगडा असा, की बूटलोडर यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीकरवी डिस्क वाचतो, तर कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आमच्या लिनक्सने आरंभीच्या शिदोरीत, इनिट्रॅमएफएस नावाच्या गाठोड्यात, केवळ जुन्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर बांधून घेतले होते. तेव्हा यूएसबीवरील दुसऱ्या लिनक्सने यंत्र सुरू करून, तेथून आमच्या प्रणालीत शिरून, ते गाठोडे सर्व प्रचलित ड्रायव्हरांसह पुन्हा बांधण्यात आले. मध्यरात्रीच्या सुमारास सर्व्हर उठला.

तरीही इतर संगणकांशी त्याचा संपर्क होईना. नव्या यंत्रात नेटवर्क कार्डाला नवे नाव मिळाले होते आणि सेटिंगमध्ये जुनेच लिहिलेले होते. ते एक नाव सुधारताच सारे सुरळीत झाले.

पेणकर, केहीमकर, नवगावकर ही आपली आडनावे पाहा. पिढ्या बदलल्या, देश बदलला, तरी नावात जुन्या गावाचा पत्ता कायम आहे. नक्कल केलेली डिस्कही अशीच जुने पत्ते बरोबर घेऊन येते. तिच्यात खोट नसते. नव्या घराशी तिची ओळख करून द्यावी लागते.

म्हणून वाचकांस आमची विनंती, की नक्कल काढल्यावर जुनी डिस्क धड असतानाच नवीवरून यंत्र सुरू करून पाहावे. ते न उठल्यास पुसण्याची घाई करू नये. पडद्यावरील संदेश टिपून ठेवावा आणि डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून फाइली वाचता येतात का, हे पाहावे. वाचता आल्या, तर ठेवा शाबूत आहे असे समजावे. शिवाय नुसत्या फाइलींची एक प्रत निराळ्या ठिकाणी असू द्यावी. आमच्या कीर्तनांची अशी प्रत आता दुसऱ्या गावी एका कुटुंबाच्या कपाटात आहे. तिला बूट होण्याची गरज नाही. कोणत्याही संगणकास जोडावी आणि ऐकावे.