परिवाराची होडी

पंचाहत्तरीला टेकलेल्या कीर्तनकाराने इंजिनाच्या होडीवर लेख लिहावा, याचे वाचक माउलींना नवल वाटेल. आमच्या घरीही हसू झाले. पण गेल्या माघी एकादशीला पनवेलच्या खाडीत मला जे कळले, ते चाळीस वर्षे कीर्तनात सांगूनही कळले नव्हते. म्हणून लिहितो.

पनवेल म्हटले की आता रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि नवे विमानतळ आठवते. माझ्या लहानपणी पनवेल म्हणजे बंदर. माथेरानच्या डोंगरातून आलेली गाढी नदी इथे खाडीला मिळते. त्या खाडीतून मीठ, भात, गवत भरून मचवे मुंबईला जात. आमच्या वडिलांचा एक शिडाचा मचवा होता. वडील माळकरी, निघताना पाण्याला हात लावून पांडुरंगाचे नाव घेत आणि मगच नांगर उचलत. पुढे सुकाणू थोरल्या मुलाने धरायचे, ही घरची रीत. थोरला मी. पण 1967 साली, सोळाव्या वर्षी, मी आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत गेलो. अभ्यासक्रम चार वर्षांचा. मी मात्र पुढेही कीर्तनातच रमलो.

1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. माल हळूहळू ट्रकवर चढला. वडील थकलेले, थोरला मुलगा गावोगाव सप्ते करीत हिंडणारा, धाकटा अजून कोवळा. मचवा विकला. तसे पत्र मला एका सप्ताहातच मिळाले. त्या रात्री कीर्तन माझे होते आणि विषय वैराग्याचा. फार रंगले, असे लोक म्हणाले.

धाकट्याने मग दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून दिवस काढले. आईवडिलांची म्हातारपणं त्यानेच काढली. मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. पनवेलीत माझे कीर्तन असले की यायचा, टाळकऱ्यांच्या मागे बसायचा, बुक्का लावून घ्यायचा आणि जायचा.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या मुलाने आणि माझ्या नातवाने पैसे जमवून एक वापरलेली होडी आणली. अठरा फूट, फायबरची, मागे पंधरा अश्वशक्तीचे इंजिन. मचव्यानंतर पन्नासेक वर्षांनी घरात आलेली ही होडी. इंजिनाची तर पहिलीच. जाळे टाकायचे नाही, हे कुणी न सांगताच ठरले, कारण आम्हा दोघा भावांच्या गळ्यात माळ आहे. होडी नुसती फिरायला. ‘खाडीत नुसते फिरायचे?’ असे शेजारी विचारीत. मला मात्र पहिल्या दिवसापासून तिचा लळा लागला. थंडीची सकाळ, तिवरांच्या मुळांशी चुळुकचुळुक करणारे पाणी, पुढे रुंद खाडीकडे गेले की रोहित पक्ष्यांचे थवे. पलीकडे उलव्याचा डोंगर कापून, नदी वळवून केलेले विमानतळ. विमान डोक्यावरून गेले की आमची सौभाग्यवती पदर सावरते, जणू वाऱ्याने तो उडणारच आहे.

होडीत दोघे असले की ती बाणासारखी सुटे. घरची सहा माणसे बसली की मात्र मागचा भाग पाण्यात रुते, तोंड आभाळाकडे जाई आणि इंजिन नुसते घोरत राही. पुतण्या म्हणाला, मोठे इंजिन घेऊ. नातू म्हणाला, स्टीलचा पंखा बसवू. मोबाईलवर पाहिला होता त्याने. मला यंत्रातले काही कळत नाही, पण आवाज कळतो. ते इंजिन आपली पट्टी सोडून गात होते.

हे मी अनुभवाने सांगतो. उमेदीत मी काळी चारमध्ये गात असे. अडुसष्टाव्या वर्षी आमच्या मृदंगाचार्यांनी हळूच सुचवले, महाराज, आता दोन पट्ट्या उतरू या. मला ते लागले. काळी चारलाच हट्टाने गात राहिलो आणि तीन वर्षांत गळा बसला तो बसलाच. आता कीर्तन बंद आहे. पट्टी उतरवली असती तर कदाचित अजून उभा राहिलो असतो.

धक्क्यावर एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी आम्हा सहा जणांना बसवले, इंजिनाला फेरे मोजायचे मीटर लावले आणि पूर्ण वेग दिला. काटा मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर अडकला. या इंजिनाने पूर्ण वेगात साडेचार ते साडेपाच हजारांच्या मध्ये फिरायला हवे, नाहीतर ते आतून झिजते. मग त्यांनी पंख्यावर कोरलेले आकडे पुसून दाखवले. व्यास सव्वानऊ इंच, पीच बारा.

मी शिष्यासारखे विचारले, पीच म्हणजे काय? त्यांनी जो दृष्टांत दिला तो कुठल्याही फडावर शोभावा. लाकडात पेच पिळला तर एका फेऱ्यात तो जितका आत जाईल, तितका त्याचा पीच. पाणी लाकडासारखे घट्ट नाही, म्हणून पंखा थोडा घसरतो, पण हिशेब तोच. बारा पीचचा पंखा एका फेऱ्यात मोठी ढांग टाकू पाहतो. पाठीवर ओझे नसेल तर ती ढांग पडते. ओझे असले की इंजिनाचा दम त्या ढांगेतच संपतो. आधीचा मालक बहुधा एकटाच फिरत असे. मग मिस्त्रींनी विचारले, “होरीन नेमी किती मानसा बसतान?”

सहा, कधी सात, असे सांगितल्यावर त्यांनी नऊ पीचचा पंखा सुचवला. व्यास तोच, ढांग लहान. एक इंच पीच कमी केला की इंजिनाचे मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे वाढतात, असा त्यांचा ठोकताळा. स्टीलचा पंखा त्यांनी नाकारला. स्टील पातळ नि कडक, वेगाला चांगले. पण दगडावर आपटले तर मार थेट आतल्या दातेरी चाकांना बसू शकतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वतः वाकतो आणि आतले वाचवतो. आपल्या खाडीत चिखलाखाली काय असेल सांगता येत नाही. नातू हिरमुसला. सुधारणा म्हणजे काहीतरी महाग, चकचकीत असणार, असे त्याला वाटले होते.

नवा पंखा धाकट्याने स्वतः बसवला. आम्ही दोघेच होतो. इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून त्याने आधी प्लगची वायर काढली, पाते फिरू नये म्हणून फळीचा तुकडा अडकवला, खिळ सरळ करून ओढली, नट सोडवला. जुना पंखा निघाला तशी मागच्या दांड्याला गुंडाळलेली तंगूस दिसली. आधीच्या मालकाच्या काळातली असावी. ती सील कापून आत पाणी शिरवते, म्हणून त्याने ब्लेडने एकेक वेढा सोडवला. मी ग्रीसचा डबा धरून बसलो होतो. एवढी वर्षे जे ओठांवर येऊन परत जात होते, ते तेव्हा बोललो. म्हणालो, “मचवा माझ्यामुळे गेला.”

तो बराच वेळ तंगूस सोडवत राहिला. मग म्हणाला, “मचव्याचा काय नाय, दादूस. मचवा गेल्याव पन बाबा रोज सांजचा धक्क्याव जाऊन बसायचा. त्या मना बघवत नव्हता.” आणि हात पुढे करून म्हणाला, “पकड दे.”

मी पकड दिली. दुसरे काही देण्यासारखे माझ्याजवळ नव्हते.

आता एकादशी. देशावरच्या माउलींसाठी सांगतो, आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो. एकादशीला उधाण नसते, पाणी बेताचेच, म्हणून वेळ साधावी लागते. सातला निघालो. सहा माणसे, राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा, टाळांची एक जोडी. धाकट्याने मूठ पिळली. आधी तोंड उचलले, मग हळूच खाली आले आणि होडी पाण्यावर सपाट धावू लागली. काटा साडेचार हजारांच्या थोडा पुढे. इंजिनाचा आवाज मोकळा झाला होता. दोघेच बसले तर ती आता पूर्वीइतकी पळत नाही, ही नातवाची तक्रार खरी आहे. दिंडीतही एकट्याची चाल मोडावीच लागते.

सौभाग्यवतीला नारिंगी जाकीट बांधताना मला ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय आठवला. तिथे भगवंत भक्तांना भवसागर कसा पार करून देतात, ते माउलींनी सांगितले आहे. जे सडे, एकटे, त्यांना ध्यानाच्या कासेला लावले. पोहता न येणाऱ्याच्या पोटाला भोपळा बांधावा तसे काहींच्या पोटाशी प्रेम बांधले. आणि जे परिवारवाले, त्यांच्यासाठी नामाच्या नावा सजवून देव स्वतःच तारू झाला. हे निरूपण मी शेकडो वेळा केले असेल. दर वेळी सडा म्हणजे श्रेष्ठ असा सूर माझ्या आवाजात येई. ओव्यांत तसे काहीच नाही. तिथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. ज्याला जे झेपेल ते साधन दिले आहे. मी कासेला लागून निघून गेलो होतो. ज्याच्याकडे आईबाप, बायकामुले आणि माझाही वाटा आला, तो टाळकऱ्यांच्या मागे बसून हे ऐकत असे.

बेलापूरच्या बाजूला खाडी रुंद होते तिथे त्याने वेग कमी केला. सूनबाईंनी टाळ धरले, मी बसक्या आवाजात, खालच्या पट्टीत नामघोष धरला. सगळ्यांना तो सहज म्हणता आला.

मग धाकटा जरा बाजूला सरकला आणि मला म्हणाला, “धर.” मी मूठ हातात घेतली. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे सोळाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक होते, विसरलो होतो. होडी तिवरांकडे निघाली, मुले ओरडली, सौभाग्यवतीने पांडुरंगाला हाक मारली. धाकट्याने माझ्या हातावर हात ठेवून दांडा सरळ केला. हात तसाच ठेवून त्याने किनाऱ्याच्या चिखलाकडे पाहिले.

“पानी उतराया लागला,” तो म्हणाला. “चल मागारी.”