हिंजवडीतली देवघेव

दिवाळी अंकातल्या प्रवासलेखाने वाचकाला निदान काश्मीरपर्यंत तरी न्यावे, असा आपल्याकडे संकेत आहे. वाचकहो, मी आपल्याला हिंजवडीला नेणार आहे. तिथे बर्फ नाही, शिकारे नाहीत. पण पोहोचायला लागणारा वेळ मात्र काश्मीरच्या तोडीचा! पुण्याहून निघावे, मुंबई-बंगळूर महामार्ग धरावा, वाकडला वळावे आणि मग मोटारींच्या रांगेत स्वस्थ बसून सहनशीलतेचा अभ्यास करावा. डोक्यावर माण ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाचे खांब ओळीने उभे. ते मोजत गेले की वेळ बरा जातो.

मुळात हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते, तेव्हा या जुन्या गावाची ओळख अजून पटते. एरवी राज्य आहे ते काचेच्या इमारतींचे. औद्योगिक विकास महामंडळाने इथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसवले आणि पाहता पाहता भाताच्या खाचरांतून कचेऱ्या उगवल्या. इथल्या लोकांच्या गळ्यात ओळखपत्र असते आणि शेजाऱ्याचे नाव मात्र ठाऊक नसते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती घेऊनच मी निघालो होतो.

निमित्त होते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. वर्गात त्याने माझ्या व्याख्यानांकडे कधी लक्ष दिले नाही. पण वहीत काहीतरी चिकटवत असे, एवढे मला आठवत होते. आता तो इथल्या एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे आणि चिकटवण्याचे काम अजून चालूच आहे. ‘सर, रविवारी आमच्याकडे सगळे छंदिष्ट जमतात. एकदा पाहाच,’ असा त्याचा आग्रह.

नवव्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर दहा-बारा माणसे गंजिफा खेळायला बसावीत तशी बसली होती. पुढ्यात होती क्रिकेटपटूंची चित्रे. ज्यांचे बालपण १९८०च्या दशकात गेले, त्यांना ‘बिग फन’ चघळगोळी आठवत असेल. गोळीबरोबर खेळाडूचे चित्र निघायचे, त्यावर धावा छापलेल्या. ठराविक धावा जमल्या की बक्षीस. त्यापायी किती मुलांनी खाऊचे पैसे आणि दात घालवले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कुणाकडे टपालाची तिकिटे होती, कुणाकडे काडेपेट्यांचे छाप.

मी दोन तास पाहत होतो. मला वाटले होते, इथे बाजार भरत असेल. पण इथली रीत वेगळीच. ज्याच्याकडे एखादे चित्र दोनदा आले असेल, त्याने ते ज्याच्याकडे नाही त्याला देऊन टाकायचे. मोबदल्याची नोंद नाही. आणि मौज अशी की मागितलेल्या वस्तूबरोबर न मागितलेली एखादी वस्तू गुपचूप सरकवायची. माझ्या विद्यार्थ्याला नागपूरच्या एका गृहस्थाने एक चित्र पाठवले, त्या पाकिटातून दुसरे निघाले. तेच तो सहा वर्षे शोधत होता! पाठवणाऱ्याला त्याने आजवर पाहिलेले नाही. ‘आभार मानले, तर म्हणाले, पुढच्याला द्या,’ तो सांगत होता.

हे वेड काही आपल्याच मातीतले नव्हे. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि मग चघळगोळीबरोबर घरोघर गेली. १९५२ सालचे मिकी मँटल या खेळाडूचे असेच एक पुठ्ठ्याचे चित्र २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. पण त्याच देशात सिराक्यूज गावी जेफरसन बर्डिक नावाचा एक कामगार होऊन गेला. विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी, संधिवाताने वाकडी झालेली बोटे. त्याने बेसबॉलची ३० हजारांवर चित्रे जमवली, इतर छापील कागद तर त्याच्या कितीतरी पट, आणि ते सारे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला फुकट दिले. नुसते दिले नाही; तिथे बसून त्याच वेदनेच्या बोटांनी वर्षानुवर्षे वह्यांत चिकटवले. १९६३च्या जानेवारीत काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला.

आणि आपले पुणे? चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले आणि पुढे तो सगळा संसार महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. न्यूयॉर्कचा कामगार आणि पुण्याचा कवी यांना एकमेकांची गंधवार्ताही नसेल; पण जमवणाऱ्याच्या वाटेचे शेवटचे गाव एकच, हे दोघांनाही कळले होते.

ते गाव त्या रविवारी मला जवळून दिसले. कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेले एक काका बसले होते. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा परदेशी. साठ वर्षांचे काडेपेट्यांचे छाप त्यांच्या मांडीवरच्या पत्र्याच्या पेटीत होते. घोडा, जहाज, मोर, कमळ. त्यांची दृष्टी आता अधू होत चालली आहे. छाप डोळ्यांशी धरला तरी त्यांना फक्त रंग कळतो. मुलाने तिकडून एक गिऱ्हाईक शोधून दिले होते आणि रक्कमही लहान नव्हती. डोळ्यांच्या औषधपाण्याचा खर्च कुठून निघेल, हा मुलाचा प्रश्नही काही गैर नव्हता.

‘मग देऊन का नाही टाकत, काका?’ मी विचारले.

‘देणारच आहे,’ ते म्हणाले, ‘पण विकायचे कसे, प्रोफेसर? यातले मी विकत घेतलेले किती? माझ्याबरोबर यंत्रावर केरळचा एक होता, तो सुट्टीवरून येताना खिसा भरून आणायचा. पानवाला ठेवून द्यायचा. एसटीचा कंडक्टर द्यायचा. औषधपाण्याचे पेन्शनमधून भागवीन. लोकांनी दिलेल्याचे पैसे मी कसे घेऊ?’

समोर बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. पुठ्ठ्याच्या वहीत त्याचे जेमतेम चाळीस छाप. त्याला एक जहाज हवे होते. काकांनी पेटी उघडली, बोटांनी चाचपडत एक पाकीट काढले आणि पेटी मिटून पाकिटासह त्याच्याकडे सरकवली.

मुलगा म्हणाला, ‘आजोबा, मला एकच हवा होता.’

‘एक तू मागितलास. बाकीचे मी देतो आहे. फक्त दर रविवारी येऊन मला वाचून दाखव. कुठला छाप, कुठला रंग. मी सांगेन कुणी दिला ते.’

दिवाणखान्यात कुणी बोलले नाही. मुलाच्या आईने ‘एवढे कसे घ्यायचे?’ असे काहीतरी सुरू केले, पण काकांनी हात हलवून तो विषय बंद केला. मुलगा मात्र व्यवहाराला पक्का. त्याने पेटी उघडली, वरचेच दोन सारखे मोर निवडले, त्यातला एक शेजारच्या मुलीपुढे ठेवला आणि मग पहिला छाप काकांच्या कानाशी तोंड नेऊन वाचू लागला.

कुणी म्हणेल, ही चैन पोट भरलेल्यांची. असेलही. पण ज्या गावात हरएक गोष्टीचा हिशेब पडद्यावर मांडला जातो, तिथेच काही माणसे आठवड्यातून दोन तास मुद्दाम हिशेब न ठेवण्यासाठी जमतात. हिंजवडीत पाहण्यासारखे काय आहे, असे आता कुणी विचारले, तर मी नवव्या मजल्यावरचा तो दिवाणखाना सांगेन. जाताना मात्र घरातले एखादे जुने तिकीट, एखादा छाप खिशात टाकून न्यावा. तिथे रिकाम्या हातांनी कुणी परत येत नाही. जाणाऱ्यानेही रिकाम्या हातांनी जाऊ नये.