पाबळ, तुला बघायचं राहूनच गेलं होतं

प्रिय पाबळ,

शिक्रापुरात एका चौकाला तुझं नाव आहे. नगर रस्त्यानं रांजणगावच्या महागणपतीला निघालेल्या गाड्या त्या पाबळ चौकातून सरळ पुढे जातात. डावीकडे वळणाऱ्या थोड्या. वळलं की कंटेनरचा आवाज मागे पडतो, रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कांदा आणि बाजरी दिसू लागते आणि सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची ती कोरडी, उघडी माळरानं सुरू होतात.

मी पहिल्यांदा वळलो तेव्हा कॉलेजात होतो. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली होती आणि मला मस्तानीची कबर बघायची होती. एसटीतून उतरलो, वाट विचारली, दहा मिनिटं थांबलो आणि स्टँडवर येऊन परतीच्या गाडीची वेळ विचारली. टपरीवर चहा पिणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, “झालं बघून?” मी हो म्हणालो. त्यानंतर अनेकदा तुझ्याकडे आलो आणि दर वेळी कळत गेलं की त्या दिवशी काहीच बघून झालं नव्हतं. ते ‘हो’ परत घ्यावं म्हणून हे पत्र.

आधी मस्तानीबद्दल बोलू, कारण तुझं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला तीच आठवते. १७२९ साली बाजीराव पेशवे महंमदखान बंगशाविरुद्ध राजा छत्रसालांच्या मदतीला बुंदेलखंडात धावून गेले आणि त्या मोहिमेतून मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. ती छत्रसालांची मुलगी की दरबारातली कलावंत, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुण्यात तिला काय मिळालं, यावर मात्र वाद नाही. १७३९-४० च्या सुमारास पेशव्यांच्या घरच्यांनीच तिला नजरकैदेत ठेवलं. बाजीराव मोहिमेवर गेले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथं वारले. त्याच वर्षी तीही गेली. कुणी सांगतं हिरकणी गिळली, कुणी सांगतं विरहानं गेली. कागदपत्रं दोन्हींची साक्ष देत नाहीत. तिचं शरीर मात्र तुझ्या मातीत आलं, कारण बाजीरावांनी तिला इनाम दिलेल्या गावांत तू होतंस.

पुण्यानं तिच्या आठवणीचं काय केलं ते बघ. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला लोक मस्तानी दरवाजा म्हणतात, पण त्याचं दुसरं नाव अलीबहादूर दरवाजा, म्हणजे तिच्या नातवाचं. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात नेऊन मांडले आहेत. तेवढं जपलं हे चांगलंच झालं. पण एक दरवाजा आणि संग्रहालयातलं एक दालन यांपेक्षा तू तिला जास्त दिलंस. तू तिला जागा दिलीस. तुझ्याकडे कुणी त्या जागेला समाधी म्हणतं, कुणी कबर, कुणी मजार, आणि या तिन्ही शब्दांची माणसं एकाच फाटकातून आत जातात. धर्माच्या ज्या प्रश्नावरून पुण्यात घर फुटलं, तो प्रश्न तुझ्या बोलण्यात नाहीच. तुझं खरं देखणेपण मला इथंच वाटतं. कबर साधी आहे, तिच्यावर कोरीव छत्री नाही, हंड्या-झुंबरं नाहीत. ताजमहाल मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो. त्यानं थोडा वेळ बसायला हवं. दुपारच्या उन्हात त्या आवारात जी शांतता असते ती मी तालुक्यात दुसरीकडे अनुभवलेली नाही.

मस्तानीच्या पोटी जन्मलेला समशेरबहादूर बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंनी वाढवला. पुढे १७६१ साली पानिपतच्या रणात तो जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला आणि त्याच्या वंशानं बांद्याची नबाबी चालवली. १८५७ च्या उठावात बांद्याचे नबाब इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. या घराण्याची आई तुझ्याकडे झोपली आहे, हे बांद्यात तुझं नाव कधीही न ऐकलेल्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

पण पाहुणे इथंच थांबतात आणि मोटार सुरू करतात, याचं मला वाईट वाटतं.

कारण तुझी दुसरी गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग तुझ्याकडे राहायला आले. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर काम केलेला शास्त्रज्ञ. त्यांना एखादं सुपीक, सोयीचं गाव मिळालं असतं. त्यांनी तुला निवडलं, कारण पाणी कमी, पाऊस बेभरवशाचा आणि पोरं दहावीत नापास झाली की पुढे वाट नाही, अशा गावात शिक्षणाचा प्रयोग टिकला तरच तो खरा, असं त्यांना वाटत होतं. जे. पी. नाईकांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला. तत्त्व सोपं होतं: हातानं काम करता करता शिकायचं. शाळेतली मुलं वेल्डिंग शिकली, शेती शिकली, रक्तगट तपासायला शिकली, जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजून भूजल कुठं आहे ते सांगायला शिकली. लोकांनी पायाळू माणसाच्या हातातल्या काठीवर भरवसा ठेवून विहिरी खणायच्या, त्या मुलखात नववीतली पोरं यंत्र लावून विहिरीची जागा दाखवू लागली! २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं हवी ती वस्तू घडवून बघायची प्रयोगशाळा, उभी राहिली, ती कुठल्या राजधानीत नव्हे, तुझ्याकडे. जगभर आज अशा प्रयोगशाळा शेकड्यांनी आहेत. कलबाग २००३ साली गेले. अखेरपर्यंत ते तुझेच होते.

एकीला तिचं माहेर नाही, सासर नाही, आणि दुसऱ्याला शहरातली प्रतिष्ठा नको. दोघांनाही तू सामावून घेतलंस. तू स्वतःची जाहिरात कधीच केली नाहीस, म्हणून मी ही गोष्ट मुद्दाम मोठ्यानं सांगतो.

तुझ्या गल्लीबोळात फिरताना जुन्या वाड्यांची दगडी जोती दिसतात. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला तू तालुक्याचं गाव होतंस, पुढे तालुका मोडला आणि कचेरीचा दिमाख शिरूरला, म्हणजे घोडनदीला गेला. त्याची खंत तुझ्या चेहऱ्यावर मला कधी दिसली नाही. आजही तुझ्याकडे माणसं आपापल्या ओढीनं येतात. पद्ममणी तीर्थासाठी लांबून जैन यात्रेकरू येतात. शेजारच्या केंदूरला संत कान्हूराज पाठकांची समाधी आहे, तिथं जाणारी वारकरी मंडळी तुझ्याकडे चहाला थांबतात. जवळच्या मोराच्या चिंचोलीला सुट्टीत मुलांना घेऊन गेलेली कुटुंबंही कधी कधी तुझ्यापर्यंत येतात. या सगळ्यांना तू एकच गोष्ट देतंस, घाई न करणारी संध्याकाळ.

आता जे बोलायचं म्हणून लिहायला बसलो ते बोलतो. मस्तानीवरचा सिनेमा येऊन गेल्यापासून तुला ‘पर्यटनस्थळ’ करण्याची भाषा वाढते आहे. होऊ दे. पण रंगीत कारंजी, सिमेंटचे हत्ती, फोटो काढायच्या चौकटी आणि रात्री निळ्या-गुलाबी दिव्यांत न्हालेली कबर, हे तुला नको आहे. हे सगळं लावलेली गावं मी पाहिली आहेत. तिथं आठवडाभरात रंग उडतो आणि मूळ जागा कुठं होती तेच कळेनासं होतं. तुला पाहिजे ते फार स्वस्त आहे. सावली. पिण्याचं पाणी. बायकांसाठी स्वच्छ शौचालय. आणि एक पाटी, जिच्यावर तारखा बरोबर असतील, दंतकथेला दंतकथा म्हटलेलं असेल आणि समशेरबहादूरचं नाव असेल.

ती पाटी मुंबईहून मागवू नकोस. ती तुझ्या शाळेतल्या मुलांनी करावी. पत्रा त्यांनी कापावा, वेल्डिंग त्यांनी करावं, मजकूर त्यांनी शोधून, वडीलधाऱ्यांना विचारून, शिक्षकांकडून तपासून घेऊन लिहावा. सुट्टीच्या दिवशी दोन मुलांनी फाटकाशी उभं राहून पाहुण्यांना कबरीपासून आश्रमापर्यंत चालत न्यावं आणि वाटेत दोन्ही गोष्टी सांगाव्यात. हातानं शिकवायची ही पद्धत तुझ्याकडे चाळीस वर्षांहून जुनी आहे.

ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत कुणीतरी हा विषय मांडावा, एवढी विनंती. पत्रा, रंग आणि वेल्डिंगच्या कांड्यांचा खर्च मी देतो.

तुझाच,
एक पाहुणा